माहेरपण... कासवांच्या गावी

"माणशी शंभर तरी कमी करा हो वहिनी, आम्ही आठ जणी आहोत!"

हे वाक्य माझंच. 2019 च्या फेब्रुवारीत फोनवर म्हटलेलं. पलीकडच्या बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, पन्नास करते. पण गरम पाणी, नाश्ता, दोन वेळचं जेवण, चहा, सगळं त्यातच हो!" फोन ठेवला आणि मी मोठ्या ऐटीत भिशीच्या मैत्रिणींकडे बघितलं. भाजीवालीकडून कोथिंबिरीची जुडी वर फुकट मिळाली की होतो ना, तस्सा आनंद!

आमची वाईची भिशी आठ जणींची. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जमायचं, साबुदाणा वडे नाहीतर इडली-चटणी खायची, चिठ्ठी उचलायची आणि स्वयंपाकाची वेळ झाली म्हणत पळायचं. त्या महिन्यात एकीनं पेपरातलं कात्रण आणलं होतं. वेळास, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. समुद्रकाठी कासवांची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात आणि तुरुतुरु पाण्यात जातात. ती बघायला लोक लांबून येतात आणि गावातल्या घरांतूनच राहतात. "हॉटेल-बिटेल काही नाही गं, घरीच राहायचं. आयतं जेवायचं!" कासवांचं राहू दे, त्या 'आयतं' शब्दावरच आम्ही आठही जणी भाळलो.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "कासवं बघायला एवढ्या लांब?" सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी बायका विश्रांतीला माहेरी जायच्या." माझी आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. माहेर आता भावाचं घर झालंय. भाऊ-वहिनी चांगलेच आहेत, पण तिथे गेलं की ओट्यापाशी उभं राहावंच लागतं. सासूबाईंना हे काही बोलले नाही. बॅग मात्र भरली.

मार्चच्या मध्याला तवेरा ठरवून निघालो. पसरणीचा घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर, मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाड आणि पुढे मंडणगड. या रस्त्यावर आपल्याला एक सोबतीण असते, सावित्री नदी. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात पाच नद्या उगम पावतात, हे आपण शाळेपासून ऐकतो. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री. पाच बहिणींपैकी कृष्णा पूर्वेला उतरून आमच्या वाईत आली, म्हणून आम्हाला तिचंच कौतुक. सावित्री मात्र पश्चिमेला कोकणात उतरली. पोलादपूर, महाड करत ती बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि त्या खाडीला लागूनच वेळास आहे. महाबळेश्वरच्या आर्थर सीट पॉइंटवरून जी दरी दिसते ना, ती हिचीच. आर्थर मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि तान्हं मूल बाणकोटच्या खाडीत बुडालं, मग तो इथे बसून या नदीकडे बघत राहायचा, अशी गोष्ट तिथे सांगतात. (नाव नेमकं कुठल्या आर्थरचं, याबद्दल दोन मतं आहेत. पण गोष्ट ऐकल्यावर तिथे हसरा फोटो काढवत नाही एवढं खरं.)

वेळासशी आम्हा वाईकरांचा आणखी एक धागा आहे, तो म्हणजे नाना फडणवीस. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी नानांचा वाडा आहे. तिथला घाट, देवळं आणि वसईच्या 1739 च्या विजयानंतर आणलेली ती भलीमोठी घंटा. 'स्वदेस' सिनेमा बघितला असेल, तर तो घाट तुम्हीही बघितलाय. लहानपणापासून आम्ही त्याला 'नानांचा वाडा' म्हणतो, जणू नाना आमचेच! पण नाना मूळचे भानू, वेळासचे. खाडीच्या पलीकडे श्रीवर्धन, तिथले भट म्हणजे पुढचे पेशवे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचाला कंटाळून बाळाजी विश्वनाथ भट कोकण सोडून वर देशावर आले, तेव्हा वेळासचे भानू त्यांच्याबरोबर आले. नानांचा जन्म साताऱ्याचा, 1742 चा, पण गाव हेच. वेळासमध्ये त्यांचं स्मारक आहे. आम्ही तिथे हात जोडले, तर आमची एक मैत्रीण म्हणाली, "अगं, म्हणजे आपण नानांच्या आजोळी आलो की!" आजोळ नव्हे, मूळ गाव. पण आठ जणी खिदळत होत्या, चूक कोण सुधारणार?

वहिनींचं घर मात्र मनात होतं तस्संच निघालं. शेणानं सारवलेलं अंगण, ओटी, पडवी, काळोखं गार माजघर, वर कौलं. मागे विहीर आणि तिच्यापासून उतरत गेलेलं पोफळीचं, माडांचं आगर. भर दुपारी तिथे हिरवा अंधार. झावळ्यांचा आवाज असा की पाऊस पडतोय असंच वाटावं. वहिनी साधारण माझ्याच वयाच्या, पन्नाशीच्या आतबाहेर. पाय धुवायला पाणी दिलं, गूळपाणी दिलं आणि पाऊण तासात पान वाढलं. ओल्या काजूची उसळ, तांदळाची भाकरी, कैरीचं सार, ताकातली मिरची. आम्ही जेवलो आणि ओटीवर तिथल्या तिथे आडव्या झालो. भर दुपारी, भांडी पडलेली असताना, बाईनं आडवं होणं ही काय चैन आहे, ते बाईलाच कळतं.

आता कासवांचं. संध्याकाळी सहाला सगळी मंडळी किनाऱ्यावर. तिथे जाळीचं कुंपण घातलेली जागा, आत वाळूत अंडी पुरलेली, प्रत्येक घरट्यावर तारखेची पाटी आणि पालथी टोपली. कासवमित्र एकेक टोपली उचलून बघतात. त्या संध्याकाळी एकाही टोपलीखाली पिल्लू नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नव्हतं. संध्याकाळी परत नाही!

मग काय विचारता! "यापेक्षा पाचगणीला स्ट्रॉबेरी क्रीम खाल्लं असतं." "न्हाणीघर एकच, आणि माणसं अठरा." "रात्री डास किती!" आम्ही आठ जणी आणि पुण्याहून आलेली दहा कॉलेजची मुलं, अशा अठरा माणसांना वहिनींच्या घरी उतरवलेलं होतं. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. पण पैसे दिलेत म्हटल्यावर कासवानंही वेळेवर यायला हवं, असं आम्हाला वाटायला लागलं होतं, हे खरं.

त्या रात्री मला झोप नाही लागली. पहाटे चारला मागच्या दारी खुडबुड ऐकली म्हणून उठून गेले. चुलीवर पाण्याचा हंडा चढलेला, मिक्सरची घरघर, आणि वहिनी एका हातानं लाकूड सारत दुसऱ्या हातानं घावनाचं पीठ ढवळत होत्या.

"काय हो ताई, डास चावले काय?"

"नाही हो. सवय. घरी पाचलाच उठते."

"मग पडून राहायचंत ना! इथे तरी."

पाटावर बसवून त्यांनी मला चहा दिला. मी सहज विचारलं, किती घावनं करता? त्या बोटं न मोजता म्हणाल्या, "अठरा जणं, माणशी तीन म्हणजे चोपन्न. पण पोरं पाच पाच खातात, तेव्हा सत्तरीचं पीठ भिजवायचं." मग मी विचारलं, "आम्हाला तर दिसली नाहीत पिल्लं. तुम्ही रोज बघत असाल नाही?"

वहिनी हसल्या. "मी? चार वर्षं झाली त्याला. सकाळी सातला सोडतात, तेव्हा मी तव्यापुढे. संध्याकाळी सहाला सोडतात, तेव्हा भाकऱ्या. मधल्या वेळात जाईन म्हटलं, तर मधल्या वेळात पिल्लं कुठे असतात?"

समुद्र त्यांच्या घरापासून चालत जाण्याइतका. ज्याच्यासाठी आम्ही घाट उतरून आलो, ते त्या घरच्या बाईनं चार वर्षं बघितलेलं नाही!

मग बोलता बोलता बरंच निघालं. मार्च म्हणजे कासवांचा हंगाम आणि मार्च म्हणजेच शिमगा. कोकणात शिमग्याला देवीची पालखी घरोघरी येते आणि माहेरवाशिणी देवीची ओटी भरायला माहेरी जातात. वहिनींचं माहेर दापोलीच्या बाजूला. "बारा वर्षं झाली, माहेरच्या पालखीची ओटी नाही भरली. भाऊ दरवर्षी फोन करतो. पण शनिवार-रविवार धरून पाहुणे, काय सांगायचं त्यांना? आई होती तोवर ती रागवायची. आता ती पण नाही."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"पण एक सांगू ताई? आगराचे पैसे येतात ते ह्यांच्या नावावर. हे पाहुण्यांचे मात्र माझ्या पासबुकात. पोरीच्या नर्सिंगची पहिली फी मी भरली, कुणाला न विचारता." हे सांगताना त्यांचा आवाज वेगळाच झाला होता. मग तवा पुसत म्हणाल्या, "लोक पन्नास कमी करा, शंभर कमी करा म्हणतात. चालायचंच. बाईमाणूस घासाघीस करणारच."

फोनवरची बाई मीच, हे त्या विसरल्या होत्या की विसरल्यासारखं दाखवत होत्या, देव जाणे. माझे कान मात्र गरम झाले. निघताना हिशेब केला तेव्हा कमी करून घेतलेले आठ जणींचे चारशे रुपये मी परत त्यात धरले. वहिनींनी पैसे मोजले, काही बोलल्या नाहीत, आणि आमसुलं, कुळथाचं पीठ, दोन नारळ असं बरंच काही माझ्या पिशवीत कोंबलं. म्हणजे हिशेब काही फिटला नाहीच!

घरी आल्यावर कासवांबद्दल मिळेल ते वाचत सुटले. दिसली नाहीत म्हणूनच जास्त. ही ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं. मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी वाळूत सुरईसारखा दीड-एक फुटाचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते, वरून अंगानं वाळू थापते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा बघायला येत नाही. आपल्याकडे कीर्तनात सांगतात ना, कासवी पिल्लांना नुसत्या नजरेनं वाढवते म्हणून? खरी कासवी पिल्लांचं तोंडही बघत नाही. पण अंडी घालायला येते ती जिथे तिचा जन्म झाला त्याच भागात. बाळंतपण माहेरी, म्हणा ना!

पूर्वी ही अंडी माणसं उकरून न्यायची, खायची, विकायची. उरलेली कुत्री-कोल्हे खायचे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं 2002 मध्ये वेळासला हे थांबवायचं काम सुरू केलं. अंडी काढणाऱ्यांच्या गावातच अंडी राखणारे तयार केले. घरटं सापडलं की त्यातली अंडी अलगद काढायची, कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात तशीच ठेवायची, आणि पन्नासेक दिवस वाट बघायची. वनखातं, ग्रामपंचायत सगळे त्यात आले. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला, आणि बघायला येणारी माणसं राहणार कुठे, तर गावातल्या घरांतून. म्हणजे कासव वाचलं ते कायद्यानं, कार्यकर्त्यांनी, कासवमित्रांनी, हे खरंच. पण त्याबरोबर चोपन्न घावनांनीही वाचलं, असं मला वाटतं. ते कुठे लिहिलेलं मात्र सापडलं नाही.

आणि एक गंमत. पिल्लू मुलगा होणार की मुलगी, हे कासवांमध्ये वाळू ठरवते! वाळू जास्त तापली तर मुली, जरा गार राहिली तर मुलगे. फारच तापली तर अंडीच वाया जातात. (हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. मला दोन मुलीच आहेत. त्या म्हणाल्या, "वाईला उकडतंच फार.")

पुढच्या वर्षी परत जायचं ठरलं होतं. तर 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. वहिनींचा हंगाम असाच गेला. आणि 3 जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं. टीव्हीवर श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली, मंडणगड अशी नावं ऐकू यायला लागली. फोन लागेना. कितीतरी दिवसांनी वहिनींचाच आला, कुठल्या तरी टेकडीवर चढून रेंज शोधत केलेला.

"माड पडले ते दिसतात ताई. पोफळी मोजायच्या कशा? काडीसारख्या मोडल्यात. आगरात उभं राहिलं की आता लख्ख ऊन लागतं."

त्या हिरव्या अंधारात मी दुपारी झोपले होते. 'लख्ख ऊन' या शब्दांनी जे काही झालं ते टीव्हीवरच्या चित्रांनी झालं नव्हतं. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सहा वर्षं सहज जातात. माडाचं त्याहून थोडं जास्तच. मुलगा विरारहून म्हणत होता, काय ठेवलंय तिथे, दोघं इकडे या. वहिनी म्हणाल्या, "कौलं उडालीत, भिंती आहेत की."

आम्ही भिशीच्या जणींनी पैसे पाठवायचं ठरवलं. वहिनी सरळ 'नको' म्हणाल्या. मग आमच्यातल्या हुशार मैत्रिणीनं तोड काढली. म्हणाली, मदत नाही हो, ॲडव्हान्स आहे. आम्ही परत येणार आहोत, तेव्हा वळते करून घ्या! त्या महिन्याची चिठ्ठी आम्ही उचललीच नाही, भिशीची सगळी रक्कम गेली. वहिनींनी त्याची रीतसर नोंद एका वहीत केली. ती वही मी पुढे डोळ्यांनी बघितली. आमची आठ नावं आणि समोर 'येणे बाकी' असं लिहिलेलं. म्हणजे पैसे नव्हे, आम्ही!

ती बाकी फेडायला 2024 चा मार्च उजाडला. या वेळी आम्ही दोघी मैत्रिणी आणि माझी धाकटी लेक. घराला पुढून पत्रे आलेले, मागे अजून कौलं. आगरात नव्या पोफळी पुरुषभर उंच, मधल्या मोकळ्या जागेत केळी. सावली अजून तुटक तुटकच. नाही म्हणायला न्हाणीघरं दोन झाली होती.

पहिल्याच संध्याकाळी टोपलीखाली पिल्लं होती. काय सांगू! तळहातावर मावेल एवढं काळसर, ओलसर, वाळूनं माखलेलं पिल्लू. चावी दिलेल्या खेळण्यासारखं वल्ह्यांसारखे पाय मारत निघतं. मध्ये दमतं, थांबतं. माणसाच्या पावलाच्या खड्ड्यात पडलं तर त्याला ती विहीर वाटत असेल. परत चढतं. त्यांना उचलून पाण्यात सोडत नाहीत, दोरीच्या अलीकडे लोक उभे आणि पलीकडे ती आपली आपण चालत जातात. समुद्राकडच्या उजेडाच्या दिशेनं. पहिली लाट येते आणि त्याला उलटं पालटं करून मागे आणून टाकते. दुसरी परत आणते. तिसऱ्या लाटेनंतर ते दिसत नाही. हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणतात. शे-सव्वाशे माणसं होती, पण कुणी बोलत नव्हतं. माझ्या लेकीनं माझा दंड घट्ट धरला होता. चौदा वर्षांची झाल्यापासून तिनं असा धरला नव्हता.

तिनंच सांगितलं मला, की 2022 च्या जानेवारीत इथे अंडी घालून परत निघालेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारं यंत्र बसवलं होतं. नाव ठेवलं 'प्रथमा'. ती इथून गुजरातच्या दिशेनं गेलेली समजली. हल्लीच्या मुलींना बरं सगळं माहीत असतं!

रात्री जेवताना मी वहिनींना म्हटलं, "उद्या सकाळी तुम्ही जायचं समुद्रावर. घावनं आम्ही घालतो." त्या ऐकेनात. "पाहुणे आहात, शोभतं का?" "पाव्हण्यांनी वर लोक जेवायला ठेवलेत बारा." "तवा तुमच्या हातचा नाही." नाना कारणं! शेवटी माजघरातून त्यांच्या सासूबाई, ऐंशी पार केलेल्या, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "जा गो. मी बसत्ये तव्यापाशी, ह्यांना सांगायला."

लेकीनं वहिनींना पावणेसातला नेलं. आम्ही दोघी तव्यापुढे. पहिली पाच घावनं तव्याला चिकटली. आजी पाटावर बसून सूचना देत होत्या, "पीठ पातळ करा. अजून पातळ. वरनं ओता, पसरू नका!" पुढची जमली. बारा जणांना वाढून होईतो साडेआठ झाले आणि माझी कंबर धरली. दोघी मिळून एक दिवस, बारा जणं. वहिनी एकट्या तीन महिने करतात.

वहिनी परत आल्या त्या बोलल्याच नाहीत काही. हातपाय धुतले, पदर खोचला, उरलेलं पीठ बघितलं. मग तव्यावर पाणी शिंपडत म्हणाल्या, "एकवीस होती." आणि थोड्या वेळानं, "एक मागे राहिलं होतं. मी थांबले ते जाईपर्यंत. म्हटलं, होऊ दे घावनांचं काय व्हायचं ते."

तुम्हाला जायचं असेल मैत्रिणींनो, तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा पिल्लांचा काळ. पण आधी गावात फोन करून घरटी कधी फुटायला आली आहेत ते विचारा, आणि तरीही दिसतीलच असं धरू नका. किनाऱ्यावर मोबाईलचा फ्लॅश, टॉर्च नको. पिल्लांना हात लावायचा नाही. मंडणगडहून एसटी आहे. बाणकोटचा किल्ला जवळच, खाडीपलीकडे हरिहरेश्वर. वेसवीहून गाड्यांसकट फेरीबोट बागमांडल्याला सोडते, त्या बोटीत बसून सावित्रीचा समुद्र होताना बघायचा. एक मात्र करा, किती माणसं ते आधी नक्की सांगा आणि त्यात ऐनवेळी दोन वाढवू नका. दोन माणसं म्हणजे सहा घावनं असतात. आणि घासाघीस... मी काय सांगणार!

जायच्या दिवशी मी वहिनींना म्हटलं, आता तुम्ही यायचं वाईला. त्यांनी 'येईन हो' म्हटलं, म्हणजे येणार नाही असंच. मग आम्ही बसून त्यांचं वर्ष मोजलं. नोव्हेंबरपासून कासवी यायला लागतात. फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं आणि पाहुणे. मेमध्ये आंबे, फणस, आंबापोळ्या, शिवाय मुंबईची माणसं. जूनला पेरणी, जुलैत लावणी, कंबरभर चिखल. श्रावणात सणवार, भाद्रपदात गणपती, घर भरलेलं. ऑक्टोबरात भातकापणी, झोडणी. सगळं वर्ष चाळल्यावर गणपतीची माणसं परत गेल्यावर, घरातला पक्ष उरकल्यावर आणि कापणीला हात घालायच्या आत, असे सप्टेंबरअखेरचे चार दिवस सापडले. ते मी माझ्या घरच्या कालनिर्णयवर तिथूनच फोन करून ह्यांना लिहायला लावले.

आणि वहिनी आल्या! महाडपर्यंत एसटी, तिथून महाबळेश्वरची गाडी. हातात पिशवी, पिशवीत नारळ. पहिल्या दिवशी पाच वेळा ओट्यापाशी आल्या, पाच वेळा मी हाताला धरून बाहेर बसवलं. सासूबाई आणि त्या मग सोफ्यावर बसून लसूण सोलत राहिल्या. तेवढं चालवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मेणवलीला नेलं. नानांच्या वाड्यातून फिरताना त्या एकेका दाराचं लाकूड हातानं चाचपून बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडनं निघून इथे बरंच केलं की माणसानं." घाटावर पाय सोडून बसल्या त्या दीड तास उठल्या नाहीत. कुणी हाक मारली नाही त्यांना.

जायच्या दिवशी त्यांना सोडायला महाबळेश्वरपर्यंत गेले. गाडीला वेळ होता म्हणून क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात नेलं. बाहेर धुकं आणि बारीक पाऊस, आत दगडी कुंडात पाणी धो धो पडत होतं. भिंतीतल्या एकेका तोंडातून एकेक नदी, वर नावं लिहिलेली. मी कृष्णेला नमस्कार केला. वहिनी नावं वाचत वाचत पुढे सरकल्या आणि सावित्रीपाशी थांबल्या.

"हीच काय आमच्याकडे येते ती?"

"हीच."

त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, आणि उरलेलं परत त्याच धारेखाली सोडलं. मग घड्याळ बघत म्हणाल्या, "चला ताई. एसटी चुकली तर हीच माझ्या आधी घरी पोचायची."